दोन्ही बाजू

शिवडीत रेशनिंग ऑफिससमोर, जिन्याखाली
माझं दुकान. चार बाय सहा.
एक यंत्र झेरॉक्सचं, एक लॅमिनेशनचं,
उरलेल्या जागेत मी.
सकाळपासून एकच विचारत असतो:
दोन्ही बाजू?

लोक पाकिटातून, ब्लाउजमधून, दुधाच्या पिशवीतून
स्वतःला काढतात, काचेवर पालथं घालतात.
झाकण लावलं की हिरवा उजेड
तोंडाखालून सरकत जातो.
बाजूला दोन रुपये.

वस्तीतले अर्धे वाढदिवस मला पाठ आहेत,
कारण सगळे एक जूनचे.
शाळेत नाव घालताना गुरुजींनी
सोयीनं जन्माला घातलेली माणसं.
नाचरेकाकाही त्यातलेच.
मी शिमग्यातला रे, म्हणायचे, होम पेटला त्या रात्रीचा,
साल आईला विचारायचं राहिलं.
गोदीच्या गेटवर एकतीस वर्षं
दुसऱ्यांचे पास बघितले त्यांनी.
स्वतःचा फोटो काढायला मात्र
एकदाच बसले, कार्डापुरते.

परवा काकू आल्या.
कार्ड काचेवर ठेवलं नाही, हातात दिलं.
"ह्यातला मोठा करून दे. दहाव्याला लागेल."
लग्नातला नाही?
"तो गावाला होता. वाळवीनं खाल्ला."

मोठा करत गेलो.
नखाएवढे काका तळहाताएवढे झाले,
मग पाटीएवढे, मग नुसते ठिपके,
म्हणून परत थोडे मागे आणले.
"हलू नका" म्हटल्यावर
माणूस दचकून ताठ होतो ना,
तसेच आता हारात राहणार.
कानापासून गालावर छपाईची एक तिरकी रेघ.
पुसू का, विचारलं.

"राहू दे," म्हणाल्या.
"त्यांचं कार्ड घेऊन रांगेत मीच उभी राहायची.
तांदूळ येईपर्यंत तासतास
हेच तोंड बघितलंय मी, रेघेसकट.
घरात कुठं एवढं बघायला मिळालं?"

मग पदराला हात पुसून म्हणाल्या,
"आणि एक झेरॉक्स दे.
समोर नाव कमी करायचंय."

सवयीनं तोंडातून गेलंच:
दोन्ही बाजू?

"मागं काय असतं?"
पत्ता, काकू.
"मग काढ की. तिथं मी आहे अजून."

फोटोचे पैसे मी घेतले नाहीत.
झेरॉक्सचे चार रुपये त्यांनी
काचेवर एकेक करून ठेवले,
आणि मागचा माणूस म्हणाला,
जरा लवकर करा, एक वाजता खिडकी बंद होते.