पुल थ्रू

बिबवेवाडीत पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत
दर बुधवारी मी क्रियापदं घेते.
सात ते साडेआठ. गिरणी बंद होईपर्यंत
फळा बारीक थरथरत असतो
आणि हाताला लागतं ते खडू की ज्वारी, सांगता येत नाही.

आज अडचणीतली क्रियापदं.

मॅनेज सगळ्यांना येतं.
तौफिक बागवान, मार्केट यार्डात कांद्याच्या गाळ्यावर,
म्हणतो, मॅडम, मॅनेज म्हणजे हवालदाराचं चहापाणी.
नाही रे, म्हणते मी.
मग जरा थांबून, तेही.

कोप.
मराठीत कोप होतो,
इंग्रजीत तो करावा लागतो,
आणि मागं विथ लावायला विसरायचं नाही.
कशाबरोबर तरी, कुणाबरोबर तरी.
निभावण्याला असं काही लागत नाही,
एकटीनं निभावलं तरी व्याकरण चुकत नाही.

गेट बाय.
पाचर्णे पार्सलं पोचवतो, बाणेरपासून कोंढव्यापर्यंत.
हे रोजचंच की, म्हणतो,
वॉचमन गेटवरच सामान घेतो आणि बाय.

पुल थ्रू.
इंदूबाई घोलप, सरकारी दवाखान्यात आया,
रात्रपाळीचा डबा मांडीवर घेऊन मागच्या बाकावर:
कुठला पूल?
पूल नाही हो, पुल. ओढणे. ओढून पार नेणे.
मग तोच, म्हणाल्या. दांडेकर पूल.

खडकवासल्याचं पाणी सोडतात.
भोंग्याची गाडी येऊन जाते.
आधी गॅस माळ्यावर, मग टीव्ही, मग सासू.
रेशन कार्ड पोलक्यात.
भिडे पूल बुडाला की लोक मोबाइल घेऊन बघायला येतात,
आमचा उंबरा बुडतो त्याला कोण येणार?

मी फळ्यावर टाइड ओव्हर लिहिलं
आणि पुसलं.
भरती समुद्राला येते. मुठेला सोडतात.

वाक्य करा, इंदूबाई.
त्या उभ्या राहिल्या. डबा बाकावर ठेवला.
आय पुल मदर-इन-लॉ थ्रू विंडो.

वर्ग हसला. पाचर्णे तर खोकेपर्यंत.
टाइम टाका ना, मॅडम, काळ चुकला, तौफिक म्हणाला.
चुकला नव्हता.
साधा वर्तमानकाळ, पुन्हा पुन्हा घडणाऱ्या गोष्टींसाठी.
नियम मीच दिला होता, गेल्या बुधवारी.

घरी हे जागेच होते.
एप्रिलातल्या झटक्यानंतर
यांच्याजवळ नामं राहिली, क्रियापदं गेली.
एकोणतीस वर्षं विमा कंपनीत पत्रं लिहिणारा माणूस,
आपणांस कळविण्यात येते की,
आता चित्रांची कार्डं बघतो.
बाई झाडते आहे.
बाई, म्हणतात हे. झाडू.
मधलं मी घालते.

मुलगी फोनवर विचारते, कसं चाललंय?
चाललंय, म्हणते मी.
काय चाललंय, कोण चालवतंय,
या वाक्याला कर्ता शोधू नये.

केस न झटकताच बसले पलंगाशी,
यांना इंदूबाईंचं सगळं सांगितलं.
सासू, खिडकी, पोलक्यातलं कार्ड.
उजवा हात चादरीवर पडलेला, डावा कानाशी.
खूप वेळानं म्हणाले,
पाणी.

पेला भरून ओठांशी नेला.
मान फिरवली.
म्हणजे हे नव्हे.

पाणी सोडलं?
नाही.
चढलं?
आत शिरलं?
घरातली होती नव्हती तेवढी क्रियापदं
एकेक करून पुढं ठेवत गेले,
इंदूबाई माळ्यावर सामान देतात तशी.
ओसरलं?

डोळे मिटले यांनी.
हो म्हणाले असतील. झोप असेल.
पेला हातात तसाच,
वरच्या पाण्यावर
पिठाचा एक कण.