दोन मिनिटं

बाबा गाडी अंगणात आणून लगेच बंद करत नसत.
दिवे विझवलेले, किल्लीवर हात,
इंजिन आपलं पुटपुटत उभं.
दोन मिनिटं. घड्याळ लावून.
आम्हा पोरांना वाटायचं, यांना घरात यायचंच नाहीये.
आईलाही एखाददोन हिवाळे तसंच वाटलं असावं.

मग एकदा मला त्यांनी बॉनेट उघडून दाखवलं:
काळोखात लालबुंद ओतीव लोखंड.
"आतलं चाक अजून फिरतंय, तुइया.
आत्ता तेल थांबवलं
तर जागच्या जागी जळून त्याचा कोळसा होतो.
तापलेल्याला एकदम गप्प करू नये."
हे ते टर्बोबद्दलच बोलत होते.
ओइवा नावाचा हा माणूस
दुसऱ्या कशाबद्दल बोलतच नसे.

आता गाडी माझी.
उन्हाळ्यात निळा धूर यायला लागला,
बोट घालून पाहिलं तर दांडा
दुधाच्या दातासारखा हलत होता.

सगळा सप्टेंबर पाठीवर पडून गेला.
सात बोल्ट सुटले, आठवा मोडला.
त्याला तापवलं, गारठवलं, तेल पाजलं, शिव्या घातल्या,
शेवटी ड्रिलने कोरून काढला, दोन संध्याकाळी,
पापण्यांत गंजाचा भुगा.
एक्झॉस्टच्या मुळाला काळा रंग दिला,
तो पक्का व्हायला धग लागते
म्हणून सौनाच्या दगडांवर भाजत ठेवला.
आई आठवडाभर बोलली नाही.
खांद्यावर टॉवेल टाकून
कालेर्वोच्या सौनात जात राहिली,
मुद्दाम गॅरेजच्या दारावरून.

नवा टर्बो पाण्याने गार राहणारा.
दोन नळ्या जास्तीच्या, चार तांब्याचे वॉशर,
इंटरकूलर एवढा थोरला
की बंपर आतून कापावा लागला.
बूस्टही वाढवला. किती,
ते कालेर्वोने विचारलं
तेव्हा मी नेमके पाने आवरत होते.
"याला थांबायची गरज नाही," तो म्हणाला,
"बंद केलं तरी पाणी आपलं आपण फिरतं.
सुधारलं बाई जग."

काल रात्री समुद्राकडच्या रस्त्याला नेली.
ऊसिकाउपुंकीचे दिवे मागे पडले.
तिसऱ्या गिअरला तिने क्षणभर श्वास घेतला
आणि मग पाठीत कुणीतरी
दोन्ही हात लावून ढकललं.
काटा तांबड्याच्या अलीकडे थरथरत होता,
आरशात धूर नव्हता,
मी एकटीच मोठमोठ्याने हसत होते.

घरी आले. किल्ली फिरवली. लगेच.

अंगण इतकं गप्प
मी कधी ऐकलं नव्हतं.

दार उघडलं. आई.
पायांत बाबांचे बूट, हातात कॉफीचा चमचा.
"काय मोडलं?"

"काही नाही. हिला आता थांबावं लागत नाही."

आई गाडीकडे बघत राहिली,
मग चमच्यातल्या कोरड्या कॉफीकडे.
"हिला लागतं," म्हणाली,
आणि दार उघडंच टाकून आत गेली,
सगळी थंडी घरात घेत.