ऐंशीला क्लिक

गाडी थांबली की यायचा तो वास.
पीच स्ट्रीटच्या सिग्नलला, हीटर चालू असताना,
फोडणी जळावी तसा, पण मोहरीवाचून.
तीन आठवडे मी काच खाली करून गाडी चालवली,
एरीच्या नोव्हेंबरात, कानटोपी घालून.

गॅरेजवाला म्हणाला, व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट. मागून गळतंय.
चारशे ऐंशी डॉलर.
विचार करून सांगते, म्हणाले.

गॅस्केट हा शब्द मला कुकरमुळे माहीत.
शिट्टी होईना, कडेने वाफ जायला लागली
की रिंग फ्रीजरमध्ये ठेवायची, आठवडाभर निभतं.
इंजिनाला कुठला फ्रीजर.
म्हणजे, अख्खं शहरच फ्रीजर होतं तसं,
तरी गळत होतंच.

बत्तीस डॉलरची पुडी टपालाने आली.
आत काळं रबर, चपलांच्या दुकानाच्या वासाचं.
भाडेकरार, कलम एकोणीस: आवारात वाहनदुरुस्तीस मनाई.
म्हणून रविवारी, घरमालक चर्चला गेल्यावर.

पेटीत सगळे पाने होते, दहा नंबर सोडून.
तो श्रीरंगबरोबर ओहायोला गेला,
चुकून की मुद्दाम, विचारलं नाही.
नवा आणला. चार डॉलर.

कॉइल निघाल्या चार. त्यांना लेबलं लावली:
जिरं, धणे, हळद, हिंग.
एक-दोन-तीन-चार लिहिता आलं असतं,
पण घरात लेबलं तीच होती.
बोल्ट आप्पेपात्रात, ज्याचा त्याचा खळगा.
हळदीच्या विहिरीत बोटभर तेल साचलेलं.

कुंपणापलीकडून लोरेन कोवाल्चिक बघत होती.
एकतीस वर्षं रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात.
काही बोलली नाही. आत गेली
आणि टॉर्कचा पाना घेऊन आली,
टॉवेलात गुंडाळून, न्हाऊ घातलेलं मूल आणावं तसा.
"ऐंशीवर लाव. स्वतःचा जोर लावू नकोस, त्याचं ऐक."

झाकण उचकटलं.
जुनं गॅस्केट सोलून निघेना, मोडत निघालं,
गच्चीवर विसरलेल्या आंबापोळीसारखं.
आणि आत, सगळं सोनेरी.
दोन दांडे, सोळा गुळगुळीत उंचवटे,
एक लाख चौसष्ट हजार मैल
अंधारात, तेलात, कुणी न बघता फिरलेले.
मी इतका वेळ वाकून राहिले
की लोरेनने विचारलं, काही पडलं का आत?
नाही, म्हणाले.

इचलकरंजीला माझे मामा मागावर जॉबर होते.
ते पुसायचे तसं पुसलं:
कोरड्या फडक्याने, मग ओल्या, मग नुसत्या बोटाने.
दोन कोपऱ्यांत सीलंटचा ठिपका,
तिटीएवढा.
रबर खाचेत बसलं, फुगलं, दाबलं, परत बसवलं.

मग बोल्ट. मधून बाहेर, एक इकडे, एक समोर.
क्लिक.
एवढंच?
हात म्हणत होता, अजून एक पिळा.
आमच्या घरी नळसुद्धा असा बंद करतात
की दुसऱ्याला उघडता येऊ नये.
"आमच्या लाइनवर एकाने केलं होतं अजून थोडं,"
लोरेन म्हणाली,
आणि पुढचं सांगितलं नाही.
मी पाना उचलून पुढच्या बोल्टवर ठेवला.
क्लिक.

पहिल्या दिवशी वास आलाच.
सांडलेलं जुनं तेल जळायला दोन दिवस लागतात, ती म्हणाली होती.
तिसऱ्या दिवशी पीच स्ट्रीटला काच वर केली.
सिग्नल हिरवा झाला तरी मी हुंगतच होते.
मागच्याने हॉर्न दिला. बराच वेळ.

पाना परत करायचा तर टॉवेल धुतला.
भांडं रिकामं देत नाहीत, पान्याचं काय करतात ते माहीत नव्हतं,
म्हणून आप्पेपात्र तीनदा घासून आप्पे केले. सात.
लोरेनने दारातच एक तोंडात टाकला,
चावत राहिली, माझ्याकडे बघितलं.
"दहा नंबरचा?" म्हणाली.