तेरावं अक्षर

अक्षराला साडेचार पौंड.
टिंब, स्वल्पविराम, अपॉस्ट्रॉफी फुकट.
मालकाच्या वेळेपासून दारावर तशी पाटी आहे.

डोरीन ऑल्ड्रॉइड गॅसच्या बिलाचा कपटा घेऊन आली,
मागे क्लिफचं अक्षर, पेन्सिलीचं, उजवीकडे उतरत गेलेलं.
बस डेपोला निघण्याआधी पहाटे तो रोज एक लिहायचा.
हा शेवटचा.
'किटल्स ऑन लव्ह.'
आधण ठेवलंय गं.
हेच कोर, म्हणाली. त्यानं लिहिलंय तसंच.
एल, यू, व्ही.

मी कपटा उजेडात धरला.
म्हटलं, किटलीनंतर अपॉस्ट्रॉफी हवी,
नाहीतर एका किटलीच्या पुष्कळ किटल्या होतात.
होऊ देत, म्हणाली,
आमच्याकडे माणसं काय कमी यायची?

आणि लव्ह? ओ आणि ई घालून?
ते दुकानातल्या कार्डांवर असतं, म्हणाली.
बँकेच्या बाईनंही मला तसलं पाठवलंय ख्रिसमसला.
उच्चार तर एकच आहे, मी म्हटलं.
तिनं माझ्याकडे असं पाहिलं
की मी छिन्नी उगाच पुसायला घेतली.

मला शुद्धलेखन शिकवू नये कुणी.
सोळाव्या वर्षी, पहिल्याच दगडावर,
मी 'हिअर लाइज'च्या जागी 'हिअर लेज' कोरलं होतं.
मालक ओरडला नाही. म्हणाला,
ले करते ती कोंबडी, अंडं.
मेलेला माणूस लाय करतो.
(खोटं बोलण्यालाही लायच म्हणतात,
ते मला पुढे कळलं, गिऱ्हाइकांचे मजकूर वाचता वाचता.)
तो दगड माझ्या मागच्या दाराची पायरी आहे,
अक्षरं खाली, मातीकडे.
सव्वीस वर्षं मी त्या चुकीवर पाय देऊन आत जातो.

पाचव्या आठवड्यात चर्चचं पत्र आलं.
आवारात शुद्ध इंग्रजीच.
'लव्ह' पूर्ण लिहावे. अपॉस्ट्रॉफी आवश्यक.
किटलीचा उल्लेख शक्यतो टाळावा.

जोडी, माझी शिकाऊ पोर, फोनमधून मान वर न काढता म्हणाली,
तेरा अक्षरांऐवजी बारा, तिचे पैसेच वाचतायत की.
ती स्वतः 'टुनाइट'मध्ये आकडा घालते,
'थ्रू'ची शेपटी छाटते,
आणि जग बुडत नाही.
पण फोनवरचं पुसता येतं.
दगडावरचं फक्त खोल होतं.

डोरीननं पत्र दोनदा वाचलं.
मग नाव आणि दोन सालं, बास, म्हणाली.
त्यांचं लव्ह नको मला.

त्या रात्री झोप लागली नाही.
दगडाचा तिसरा हिस्सा जमिनीत जातो,
पडू नये म्हणून.
नियम गवतापर्यंत.
त्याखालच्या भागाबद्दल पत्रात अवाक्षर नव्हतं.

बारा अक्षरं. अपॉस्ट्रॉफीविना.
कोरताना 'यू'च्या पोटात छिन्नी हलकी फिरवावी लागते,
वाळूचा दगड, टवका उडतो.
'ओ' असता तर अख्खा दिवस गेला असता.

उभा करायच्या दिवशी चिखल होता, डेपोतले तिघं मदतीला.
दगड दोरांवर लोंबत असताना मी थांबवला.
ती वाकली. वाचलं. अंगठ्यानं
'यू'मधली भुकटी काढली, घरातल्यासारखी.
मग मान हलवली, आणि आम्ही सोडला.

पैसे पाकिटात मोजून आणले होते तिनं,
बारांचे नाही, तेरांचे.
मी एकाचे परत करू लागलो तर म्हणाली,
असू दे, त्याला सुट्टे मोजायला कधी जमलं नाही.

ऑल राइट? मी विचारलं.
ऑलराइट, ती म्हणाली.
एक शब्द होता की दोन,
वाऱ्यात नीट ऐकू आलं नाही.