पन्नास लिटर

आजवर चौकटी केल्या, दिवाण केले, देव्हारे केले,
एकदा डाळमिलच्या चाळणीला पेटी केली.
पण मन्मथ हुडगे दुकानात येऊन म्हणाला,
पांचाळ, मला हवा पाहिजे.
पन्नास लिटर. डिकीत बसंल अशी.

उदगीरात लिटर म्हणजे पाणी.
नळ, टँकर, जार, सगळं आम्ही लिटरात बोलतो.
हवेचं माप ऐकून
रंधा मारणारं पोरगं तोंड फिरवून हसलं.

खय्यूमनं सोड्याची रिकामी बाटली ओठाला लावून फुंकली.
जाड, खालचा हुंकार.
मग तीच अर्धी पाण्यानं भरून फुंकली, सूर वर चढला.
"बस, इतकंच हाय," म्हणाला.
"पोट मोठं तर आवाज खाली,
गळा लांब तर आणखी खाली.
आपण चौतीसवर बांधू. कानाला कमी, बरगडीला जास्त."
आणि पाठकोऱ्या कागदावर लिहून दिलं:
चार इंची पाइप, साडेतेरा इंच लांब.

अठरा एमएमचा एमडीएफ. दर चार इंचाला स्क्रू.
कोपऱ्याकोपऱ्यात सिलिकॉन, बोटानं दाबून.
भोकं झाकली, आत बॅटरी पेटती ठेवली, शटर ओढलं:
कुठूनही उजेड फुटला नाही.
मी स्वतःवरच खूश.

तरी माझा विश्वास कागदावर नाही, मापावर.
मन्मथनं मोंढ्यातून तूर आणली,
मी तेलाचा पाच लिटरचा डबा घेतला.
पाइपच्या तोंडात चिंधी कोंबली,
स्पीकरच्या भोकातून ओतत गेलो.
नऊ डबे.
दहावा भुशावर सांडला.

एक डबा कुठं गेला?
खय्यूम बिडी विझवून म्हणाला,
"पाइप काय हवेत लटकलालाय का?
त्याची जागा कोण देणार? आडव्या पट्टीची?
आणि चुंबक तर अजून बसायचाच हाय."

तीस वर्षं चौकटी केल्या.
चौकटीत जाणाऱ्या माणसाची जागा
वजा करत नाहीत.

पेटी मोठी करावी तर महानंदावहिनी आल्या.
डिकी उघडली, पाण्याचे दोन जार ठेवले, आडवे नाही, उभे.
"ह्याच्या पल्याड काय बी करा," म्हणाल्या,
"ह्याच्या अल्याड नाही."
मन्मथ टायरकडं बघत राहिला.

दोन दिवस ती अपुरी पेटी स्टुलासारखी वापरली.
तिसऱ्या दिवशी डिकीत डोकं घालून बसलो
तेव्हा दिसलं:
सीटची पाठ कललेली, माझी पेटी ताठ,
मधे त्रिकोणी अंधार नुसताच पडून.
तिथंच होते माझे लिटर.

नवी पेटी. मागची फळी तिरकी,
गुण्या मोडून, सीटला टेकवून कोन घेतला.
पुन्हा तूर.
साडेदहा डबे. वरचा अर्धा चुंबकाचा.
पाइपच्या तोंडाची धार कानशीनं गोल केली,
नाहीतर हवा फुसफुसते म्हणे, म्हशीसारखी.

गाणं नाही लावलं.
खय्यूमनं मोबाइलवरून नुसता एकच सूर सोडला, चौतीसचा.
मला वाटलं बिघडलं:
कोन जागच्या जागी, जेमतेम थरथरतोय.
"हात लाव," तो म्हणाला, "पाइपला."

वारा.
बंद पेटीतून, उदगीरच्या मे महिन्यात,
तळहातावर चक्क वारा,
समोरच्या मेडिकलची काच गुणगुणायला लागलेली.
आणि त्या वाऱ्याबरोबर टप्पकन
तुरीचा एक दाणा माझ्या हातात.

मन्मथ विचारत होता, काय ओ, काय पडलं?
काही नाही म्हणालो. दाणा खिशात टाकला.
वहिनी जारकडं बघत होत्या.
झाकणाखाली पाण्यावर बारीक बारीक वळ्या,
मधून काठाकडं, काठावरून मधे.
"सांडत तर नाही ना," त्या म्हणाल्या.
मग थोड्या वेळानं,
"पुन्हा लावा बरं एकदा."