एका भोकात एक दीर्घिका

सकाळी, दुर्बीण झोपली की
आमचं काम सुरू व्हायचं.
सॅक्रामेंटो डोंगरावर, पाइनच्या गारठ्यात,
एक लांबट खोली, दोन स्टुलं,
मध्ये अल्युमिनिअमची परात,
हजार भोकांची.
अर्धी एलॉय सँडोव्हालची, अर्धी माझी.

प्रत्येक भोकात काचेचा एक धागा खुपसायचा,
टक् होईपर्यंत.
कुठला धागा कुठल्या भोकात, याला बंधन नाही;
नंतर यंत्र उजेड सोडून ओळखून घ्यायचं.
इतकं सैल काम मी आयुष्यात केलं नव्हतं,
आणि इतकं काटेकोरही.

त्याआधी अलामोगोर्डोत मी
लग्नाचे झगे उसवून पुन्हा शिवत असे.
कंबर मापताना मुली
पोट आत ओढून उभ्या राहायच्या.
मापात पाप शिरतं ते असं,
लाजेपोटी.

आकाश काही पोट आत ओढत नाही,
मी एकदा गमतीनं म्हणाले.
रात्रपाळीची विल्हेमिना जांभई देता देता थांबली.
सोडतं ना बाहेर, म्हणाली,
तेच तर मोजतोय आपण.

तिनं माझ्या डब्यातला घेवडा टेबलावर सांडला,
कच्चा, संध्याकाळी भिजत घालायचा.
सुरुवातीला सगळं इतकं दाट, इतकं तापलेलं होतं, देल्फिना,
की त्यातून आवाज धावायचा.
मग निवलं.
आवाज जिथे पोचला होता तिथेच थिजला.

पातेल्यातल्या चरबीसारखा?
हो. कडेला वळ उठतो ना, तसा.

त्या वळापर्यंतचं अंतर, ही आमची पट्टी.
ताणत ताणत आज ती पन्नास कोटी प्रकाशवर्षांची झालीय.
दीर्घिका एकमेकींपासून तेवढ्या अंतरावर
किंचित जास्त सापडतात,
शंभर जोड्यांमागे एखादी जोडी.
एवढीशी खूण दिसायला लाखो मोजाव्या लागतात.
म्हणून तुझी बोटं.

जुन्या उजेडात पट्टी केवढी दिसते,
अलीकडच्या उजेडात केवढी,
यावरून कळतं विश्व कधी किती सैलावलं.
चढावर भिरकावलेला दगड दमतो.
हे दमायला हवं होतं.
निम्मी वाट गेल्यावर उलट
त्यानं वेग घेतला.

कोण ढकलतंय?

तिनं एकेक दाणा डब्यात परत टाकला.
कृष्ण ऊर्जा म्हणतात.
बरणीवर चिठ्ठी लावलीय,
आत काय आहे ते कुणी पाहिलेलं नाही.

एकदा माझ्याकडून एक भोक रिकामं राहिलं.
चारशे कोटी वर्षं चालून आलेला उजेड
त्या भोकातून खाली गेला,
अंधारात, कुठेतरी लोखंडावर.
कुणी बोललं नाही. हजारात एखादं चालतं.
मला चाललं नाही.
आठवडाभर मी एलॉयची अर्धी परातही
तपासत होते, तो चिडेपर्यंत.

आता धागे यंत्रं लावतात.
त्यांना चष्मा लागत नाही,
आणि घेवडा कुणी सांडत नाही.
जुन्या पराती भंगारात निघाल्या तेव्हा
एलॉयनं एक नेली, खुराड्याच्या दाराला ठोकली.
कोंबड्यांना वारा लागतो, म्हणतो.
माझी पश्चिमेच्या खिडकीत उभी आहे.

दुपारी चारनंतर फरशीवर
उन्हाचे हजार ठिपके पडतात.
पांढऱ्या वाळूपलीकडे सूर्य उतरू लागला
की ते लांबतात, एकमेकांपासून सरकतात,
टेबलाखाली, मग भिंतीकडे.

शिवणाची टेप घेऊन मी गुडघ्यांवर बसते.
दोन ठिपके ठरलेले आहेत.
साडेचारला मध्ये एक वीत.
पाचला वीत आणि चार बोटं.
मग टेप पुरत नाही इतक्या भराभर.

इथे कोण ढकलतंय ते मला ठाऊक आहे.
तरी आकडे लिहून ठेवते,
किराण्याच्या वहीत, मागच्या पानावर,
चुलीवरचा घेवडा करपेपर्यंत.