हाड उचलण्याआधी

खिसे उलटे करा, सोमोए म्हणाली.
सतरा पोरं, चौतीस खिसे:
काजूच्या बिया, बाटलीची झाकणं, एक मेलेला भुंगा,
आणि नासोरोच्या मुठीत
अंगठ्याएवढा करडा तुकडा, आतून जाळीदार.

जिभेला लावून बघ.
चिकटला? मग दगड नव्हे, हाड.
आता जिथून घेतलास तिथे नेऊन ठेव,
तीच कूस, तेच तोंड.
कुठून घेतला ते आठवत नाही म्हणतोस?
बघ, एवढ्यात मुका केलास त्याला.
पंधरा कोटी वर्षं तो बोलायला तयार होता,
तू खिशात घातलास.

तेंडागुरूच्या टेकडीवर सावली नव्हती.
पोरं दप्तरं डोक्यावर घेऊन बसली.

माझे पणजोबा चितांडा, ती म्हणाली,
असेच डोक्यावर घेऊन चालायचे.
युद्ध सरून थोडेच पावसाळे झाले होते.
अंगावर पाणी शिंपडून गेली होती माणसं,
गोळ्यांचं पाणी होईल असं सांगितलं होतं.
झालं नाही.
मग खायला काही उरलं नाही. मग जर्मन आले
फावडी, तंबू, प्लास्टर घेऊन,
म्हणाले, हाडं हवीत.
पणजी हसली म्हणे:
शेताशेतात पडलीत एवढी,
तुम्हाला आणखी जुनी कशाला?

पण मजुरी होती. ज्वारी विकत मिळत होती.
बांबूच्या कामट्यांत बांधलेला मणका डोक्यावर,
लिंडीच्या बंदरापर्यंत चार दिवसांची पायवाट,
परत येताना हात रिकामे, मान वाकडी.
हाडांसाठी हाडाची काडं केली.
ते काय वाहतोय हे त्यांना कुणी सांगितलं नाही.
सरड्याचं आहे, म्हणाला एक जण.
दुसरा म्हणाला, एवढा सरडा
तर त्याची माशी केवढी असेल!
हा विनोद आमच्या घरात अजून टिकलाय.
त्या वाटेवरचं दुसरं काहीच टिकलं नाही.

नासोरो वाळूत गुडघे टेकून शोधत होता.

मी बघून आले बर्लिनला.
काचेच्या छताखाली उभा आहे तो,
वर बघून बघून माझीही मान दुखली.
पाटी होती, हात लावू नये.
तळघरात एका बाईने हातमोजे दिले,
ड्रॉवर ओढला. हाडावर शाईने लिहिलेलं:
कुठला खड्डा, कितवा थर, कुठल्या अंगावर कललेलं.
राग यावा, तर अक्षर सुरेख.
शंभर वर्षांनीही कुणी ते परत नेऊन
होतं तसं निजवू शकेल.
मी विचारलं, हे इथवर आणलं कुणी?
तिने वही चाळली. पुन्हा चाळली.
हमाल, म्हणाली. इथे आकडा दिलाय.
मग तिनेच हातमोजे काढले
आणि काय करावं हे न सुचून
मला कॉफी विचारली.

म्हणून सांगते, पोरांनो,
कायदा वेगळा, तो फाटकाजवळच्या पाटीवर आहे:
परवाना हवा, खणू नये, विकू नये,
सापडलेलं सरकारचं.
तो पाळाच. पण माझं म्हणणं त्याच्या अलीकडचं आहे.
काहीही उचलण्याआधी जागा लिहा.
हाड असो की माणूस.

सापडलं! नासोरो ओरडला.
मुंग्यांच्या वारुळापासून तीन पावलांवर
वाळूत एक खळगा, अंगठ्याएवढा.
तुकडा त्यात अलगद बसला,
जशी झोपेत कूस सापडते.

सोमोएने वही पुढे केली.
तारीख झाली. पावलं मोजून झाली.
शेवटचा रकाना: कुणाला सापडलं.
डाय-नासोरो! मागून कुणीतरी चिडवलं,
सगळे हसले, तोही हसला,
आणि इतकं दाबून लिहू लागला
की तिसऱ्या अक्षराला टोक मोडलं.

थांब, सोमोए म्हणाली,
आणि पिशवीत ब्लेड शोधू लागली.